परत आलेल्या गोळ्या

२ सप्टेंबर, मंगळवार

आज कामाला लागलो. चौसष्टाव्या वर्षी लोक काम सोडतात, मी चार वर्षं रिकामा बसून पुन्हा धरलं. मुलाला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला. "बाबा, तुम्ही आणि बंदुका?" अरे, खऱ्या नव्हेत, खेळातल्या. हवेच्या दाबाने प्लॅस्टिकची गोळी सुटते, मटाराच्या दाण्याहून लहान. दोन तट पडतात, तोंडावर मुखवटे चढवतात आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांमागे धावतात. एअरसॉफ्ट म्हणतात. गावाबाहेरच्या बंद शीतगृहात आणि त्यामागच्या झाडीत हा सगळा कारभार चालतो.

मालकीण पस्तिशीची असेल. आधी शाळेत खेळ शिकवायची. तिला गोळ्यांचे रंग निवडून मिश्रणं करून देणारा माणूस हवा होता.

"काका, आधी काय करत होता?"

"कापड रंगवायच्या कारखान्यात डाइंग मास्टर. चौतीस वर्षं. एका निळ्याच्या एकवीस छटा नुसत्या नजरेने वेगळ्या काढायचो."

"मग प्रश्नच मिटला," म्हणाली.

घरी आल्यावर हिला सांगायला तोंड उघडलं. ही जाऊन दोन वर्षं झाली. तोंड उघडायच्या आधी ते आठवत नाही, उघडल्यावर आठवतं. म्हणून ही वही आणली.

४ सप्टेंबर, गुरुवार

काम समजलं. या मैदानाचा नियम असा: पांढरी गोळी हलकी, फिकट पिवळी जड. आत खोल्यांमध्ये माणसं दोन हातांवरून गोळी मारतात, तिथे फक्त पांढरी. जड गोळी जवळून लागली तर वळ उठतो. बाहेर झाडीत मात्र जड हवी, नाहीतर वाऱ्याने भरकटते. जडमध्ये पिवळीखेरीज तपकिरी आणि काळीही आहे.

कारखान्याची सीलबंद पाकिटं बरण्यांत ओतणं सोपं. खरं काम परत आलेल्या गोळ्यांचं. खेळ संपला की लोक उरलेल्या गोळ्या एका घमेल्यात टाकतात, सगळ्या रंगांची सरमिसळ. त्या निवडून ज्याच्या त्याच्या बरणीत टाकायच्या, मग मिश्रणं करून पाकिटं भरायची, वर तारीख घालायची. पिवळी फारच फिकट आहे. कारखानेवाल्यांनी रंगात काटकसर केलेली दिसते. पण सवयीची नजर आहे, जमतं.

मी पाचला निघतो. झाडलोट करायला एक मावशी असतात, पन्नाशीच्या, त्या माझ्यानंतरही थांबतात. मुखवटेही त्याच धुतात. मी डाइंग मास्टर होतो हे ऐकल्यापासून मला मास्तर म्हणतात. बरं वाटलं. चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज माझं नाव झालं!

दाढीवाले दंतवैद्य दर शनिवारी येतात. त्यांची तक्रार अशी की झाडीत तपकिरी गोळी शत्रूला दिसत नाही हे खरं, पण ती कुठे गेली ते मारणाऱ्यालाही दिसत नाही. पिवळी वापरली तर आपण कुठे लपलोय ते सगळ्या जगाला कळतं. मी दोन दिवस विचार केला. कापडात गडद रंग उठवायचा तर त्यात एक फिकट धागा सोडतात, तसं करावं. नऊ तपकिरी, एक पिवळी. नऊ गोळ्या गुपचूप जातात आणि दहावी वाट दाखवते.

दंतवैद्य दुपारी घामाघूम होऊन आले. "मास्तर, कमाल केलीत! आणखी दोन पाकिटं द्या."

आता सगळे त्याला मास्तर मिश्रण म्हणतात. मालकीणबाईंनी फलकावर लिहिलंसुद्धा. मावशी हसून म्हणाल्या, "आता पार्टी पाहिजे." मी चहा पाजला. पहिल्यांदाच पाच वाजून गेल्यावरही थांबलो. बोलता बोलता म्हणून गेलो, सुट्टीचा दिवस माझा संपता संपत नाही. का म्हणालो कोण जाणे.

२१ सप्टेंबर, रविवार

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई माझ्या पायांकडे बघत होत्या. "एक निळा, एक हिरवा? नवी फॅशन वाटतं!" मी दोन्ही मोजे निळेच घातले होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. लोकांना काहीही दिसतं.

मुलाचा फोन आला. चार मिनिटं. नातीच्या दाताचं सांगितलं. मास्तर मिश्रणाचं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात त्याच्या दारावरची घंटा वाजली.

३० सप्टेंबर, मंगळवार

छत्री विसरलो म्हणून सव्वापाचला परत गेलो, तर मावशी माझ्या टेबलाशी! पाकिटं उघडी आणि बरणीत हात.

"काय चाललंय?"

दचकल्या. "काही नाही, मास्तर. सांडल्या होत्या, भरतेय."

"माझ्या बरण्यांना हात लावायचा नाही. मी डोळ्यांत तेल घालून काम करतो. एक गोळी इकडची तिकडे झाली तर जबाबदार मी."

"बरं," म्हणाल्या. मग जरा थांबून, "मास्तर, तुम्ही खिडकीपाशी बसून निवडत जा ना. तिथे उजेड बरा आहे."

घ्या. चौतीस वर्षं रंगात काढलेल्या माणसाला उजेड शिकवायला निघाल्या. मी छत्री उचलली आणि आलो. पण डोक्यातून जात नाही. कशासाठी करत असतील? घरी नेतात म्हणावं तर गोळ्या घेऊन करणार काय?

९ ऑक्टोबर, गुरुवार

दंतवैद्य आज मधल्या वारीच आले आणि चिडले. काल भरलेल्या पिवळ्या पाकिटातली दर तिसरी-चौथी गोळी भलतीकडेच उडते म्हणाले. मालकीणबाईंनी गोळ्या हातावर घेऊन पाहिल्या. "काका, यात पांढऱ्या आल्यात. हलक्या. पिवळ्यांच्या जागी."

कान गरम झाले. मी म्हणालो, मी तर बघून भरतो. मग मागच्या आठवड्यातलं सांगावंच लागलं. "मावशी बरण्यांत हात घालतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मावशी? त्या तर मंगळवारपासून लेकीकडे गेल्यात."

"जाण्याआधी केलं असेल."

मालकीणबाईंनी गोळ्या पाकिटात परत टाकल्या. मला वाटलं, त्यांना पटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मावशींना काढलं.

त्या कालच लेकीकडून परतल्या होत्या. सकाळी खेळाडू जमले होते तेव्हाच दंतवैद्यांनी विषय काढला, आणि मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मावशी, पाकिटांत तुम्ही हात घालता का?" मावशी म्हणाल्या, "घालते." का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली नाही. खऱ्या माणसाने का फिरवावी? पण त्या काही बोलल्याच नाहीत. झाडू भिंतीला टेकवला आणि पिशवी घेऊन चालत्या झाल्या.

मी काही त्यांना काढा म्हटलं नव्हतं. जे पाहिलं ते सांगितलं.

जेवण गेलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

एका आठवड्यात पाच तक्रारी. आता मावशीही नाहीत. म्हणजे कारखान्याचीच चूक, दुसरं काय? सीलबंद पाकिटातच मिसळून येत असणार. मालकीणबाईंना म्हटलं, त्यांना खरमरीत पत्र लिहा. टेबलावरचा दिवाही बदलून घेतला, जुना पिवळा पडला होता. नवाही तसाच निघाला.

मुलाचा फोन आला नाही. कामात असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

घरी आलो तो थेट वही काढली.

एका कार्यालयातली वीसेक माणसं आली होती, सगळी नवखी. आतल्या खोल्यांतला खेळ, पांढरी पाकिटं, सगळी मी भरलेली. अर्ध्या तासात आतून किंकाळी आली. एका मुलीला कानाखाली गोळी लागली होती. मुखवटा तिथे पोचत नाही. कातडी फुटून रक्त मानेवरून गळ्यात उतरत होतं. ती रडत नव्हती, नुसती हात बघत होती. मालकीणबाईंनी कापूस दाबून धरला आणि गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. दोन टाके पडले. दोन बोटं वर लागली असती तर कान गेला असता.

परत आल्यावर मालकीणबाईंनी उरलेलं पाकीट पांढऱ्या बशीत ओतलं आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"काका, यातल्या पिवळ्या बाजूला काढा."

मी बशीत पाहिलं. सगळ्या सारख्याच. मलईच्या रंगाच्या, एकजात.

"काढा ना."

"उजेड बरोबर नाही," मी म्हणालो.

दुपारचे दोन वाजले होते. दार सताड उघडं होतं आणि आम्ही उन्हात उभे होतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कामावर गेलो नाही. काल येताना दोन सीलबंद पाकिटं मागून आणली होती, एक पांढरं, एक पिवळं. दहा-दहा गोळ्या घेतल्या. पिवळ्यांवर खालून पेनाने बारीक ठिपका दिला, सगळ्या वाटीत हलवल्या, खिडकीपाशी बसून निवडल्या. घाई केली नाही. मग उलटून पाहिल्या.

वीसपैकी अकरा बरोबर. डोळे मिटून केलं असतं तरी दहा आल्या असत्या.

पुन्हा केलं. नऊ.

मग मोज्यांचा खण उघडून बसलो. कुठला निळा, कुठला हिरवा, कुठला काळा, काही सांगता येईना.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, असा एका दिवसात येत नाही, वर्षानुवर्षं डोळ्यावर पिवळट काच चढत जाते, माणसाला कळतच नाही. "घरच्यांच्या लक्षात आलं नाही?" म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

आधी डावा करायचा. बारा नोव्हेंबर. सोबत माणूस हवा.

१ नोव्हेंबर, शनिवार

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला मुखवटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि मी त्या बाईला सगळ्यांसमोर हाकललं." मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्ता घेऊन मावशींकडे गेलो. तिसरा मजला, जिन्यात सायकली. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"मावशी, चूक माझी होती. मला रंग दिसत नाहीत."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"तुम्ही गेलात की मी पाकिटं ओतून बघायची. चुकलेल्या काढायची, बरोबर भरायची आणि पुन्हा बंद करायची. तेच करत होते त्या दिवशी."

मी चौकट धरली. "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. उजेडात बसा म्हटलं. तुम्ही छत्री उचलून निघून गेलात."

"मालकीणबाईंना तरी सांगायचं. त्या दिवशी विचारत होत्या ना?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं त्यांनी." त्या दाराची कडी खालीवर करत होत्या. "तुम्हीच म्हणाला होता, सुट्टीचा दिवस संपत नाही म्हणून. मला वाटलं, माझी काय दहा मिनिटं जातात."

पुन्हा कामावर या, मालकीणबाईंनीच निरोप दिलाय, एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी डोळा करून घ्या." आणि दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. माझ्या गाई ही बाई राखत होती, आणि मीच तिला हुसकावलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्याच्या कागदावर 'सोबत येणाऱ्याचे नाव' अशी रेघ आहे. बारा दिवस ती कोरी. मुलाला सांगितलं नाही. एवढ्या लांबून तो येणार नाही, आणि येणार नाही हे त्याच्या तोंडून ऐकायचं नाही. वरच्या बाईंना विचारावं म्हणून दोनदा जिना चढलो आणि उतरलो. त्यांचं आडनावही मला माहीत नाही.

शेवटी मालकीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "काका, मी तुमच्यावर चिडलेय. अजून. पण येते. किती वाजता?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पट्टी काढली. नर्सचा डगला एवढा पांढरा होता की डोळ्यांत पाणी आलं. पांढरा असा असतो हे मी विसरलो होतो.

घरी आलो. मालकीणबाई खालूनच गेल्या, त्यांचा खेळ होता. दार उघडलं आणि वाटलं, चुकून दुसऱ्याच्या घरात आलो. भिंती कळकट. ओट्याच्या फरशीवर तेलाचे ओघळ, तेही कधीपासूनचे. खुंटीवरचा पांढरा शर्ट, माझा चांगला, बाहेर घालायचा, चहात बुडवून काढल्यासारखा. हाच घालून मी कामावर जात होतो. हाच घालून मावशींच्या दारात उभा होतो. कुणीच काही म्हटलं नाही. ही असती तर उंबऱ्यातच अडवलं असतं, "अहो, हे काय घातलंय? काढा आधी!"

डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं. घरच्यांच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. घरचे नव्हतेच.

डावा झाकून उजव्याने पाहिलं की सगळं जुनं, मऊ, पिवळसर. उजवा झाकला की धुतलेलं आणि परकं. बराच वेळ तेच करत बसलो. या उजव्या डोळ्याने हिला शेवटचं पाहिलं होतं. तिच्या गालावर तेव्हा जो रंग होता, तो तिचा होता की माझ्या डोळ्याचा?

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी हलकं काम करायला हरकत नाही म्हटलं. मैदानावर गेलो आणि कपाटातली न खपलेली पाकिटं काढली. एक्केचाळीस. टेबलावर पांढरी चादर अंथरली, उजवा डोळा झाकला आणि एकेक ओतून पाहिलं. पिवळी चांगली पिवळी आहे. लिंबासारखी. कारखानेवाल्यांनी काहीही काटकसर केलेली नाही.

अकरा ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या पाकिटांत घाण. त्याआधीच्या पाकिटांत एकही गोळी चुकलेली नाही. फक्त सात, आठ आणि नऊ तारखेची चार सोडून. तेव्हा त्या लेकीकडे होत्या.

अक्षर सगळ्यांवर माझं. मी त्या अक्षराकडे फार वेळ बघू शकलो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा मावशींकडे. या वेळी आत बोलावलं. पाणी दिलं. त्यांना एका कपडे धुण्याच्या दुकानात काम मिळालंय, इस्त्रीचं. हातावर भाजल्याचा डाग होता.

मी विचारलं, "किती दिवसांपासून बघत होता माझी पाकिटं? दुसऱ्या आठवड्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच घमेलं निवडताना पाहिलं तुम्हाला. इतकं मन लावून चुकत होता."

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"मास्तर, मला सगळ्यांसमोर काढलं. दुकानातही कुणीतरी विचारलं, गोळ्यांत गडबड करायची ती तूच का म्हणून. तुम्ही इथे येऊन दोनदा चूक कबूल केलीत. इथे ऐकायला मी एकटीच आहे."

कळलं. म्हटलं, "उद्या सकाळी दहाला मैदानावर या."

२३ नोव्हेंबर, रविवार

आज चाळीसेक माणसं होती. मालकीणबाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना अंगणात उभं केलं. मुखवटे वर सरकवून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी फाटकापाशी उभ्या होत्या, अंगावर इस्त्रीची साधी साडी आणि हातात पिशवी.

कारखान्यात मी तीनशे माणसांसमोर बोललो आहे. आज चाळीस माणसं जड गेली. शेवटी एवढंच बोललो, "ऑक्टोबरात पाकिटांत जी गडबड झाली ती माझी. मला पांढऱ्या-पिवळ्यातला फरक दिसत नव्हता आणि ते मी मान्य करत नव्हतो. मावशी माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करत होत्या. मी त्यांच्यावर आळ घेतला. त्यांना काढल्यानंतर कुणी दुरुस्त करायला उरलं नाही, म्हणून त्या मुलीला लागलं. ज्याला मास्तर मिश्रण म्हणता, ते नीट त्यांच्यामुळे लागत होतं."

दंतवैद्य मान खाली घालून दाढी कुरवाळत होते. मालकीणबाई पुढे झाल्या, "मावशी, मीही चुकले. शहानिशा न करता काढलं. उद्यापासून या. प्लीज."

मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही बाई. दुकानातलं काम बरं आहे." मग माझ्याकडे वळून, "ऐकायचं होतं, ऐकलं. मनावरचं उतरलं. येते मी."

मी फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, अधूनमधून या, चहाला तरी. त्या म्हणाल्या, "बघू, मास्तर." रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांची साडी दिसत होती. निळी. खरी निळी.

मागे शिट्टी झाली आणि खेळ सुरू झाला. मी टेबल खिडकीपाशी ओढलं आणि घमेलं पुढ्यात घेतलं. पाच वाजेपर्यंत तीस पाकिटं भरली. प्रत्येक चादरीवर ओतून दोनदा तपासलं, मग तारीख घातली. निघताना दिवा मालवला, आणि दारातून परत आत येऊन सगळी पुन्हा एकदा ओतली.